रोड बाईकवर त्र्यंबक रोडला २५-३० किमी झाले की गुडघा पुढून दुखतो आणि हात बधिर होतात, सायकल बदलावी का?

अरे लगेच बदलू नकोस, आधी सीटची उंची बघ, कारण गुडघा पुढच्या बाजूने दुखतो तेव्हा बहुतेक वेळा सीट खाली असते (मागून दुखला तर उलटं, सीट वर गेलेली). भिंतीला धरून बस, पेडल एकदम खाली आणून त्यावर टाच ठेव, पाय सरळ झाला पाहिजे, मग चवडा ठेवलास की गुडघ्यात आपोआप हलका बाक येतो, तेवढाच हवा. एका वेळी ५ मिमीच बदल आणि गंगापूर डॅमपर्यंत दोन-तीन राईड करून बघ, एकदम २ सेमी वर घेतलीस तर कंबर डुलायला लागते आणि नवंच दुखणं. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) त्याच्यावरच्या कमाल उंचीच्या खुणेच्या वर मात्र काढू नको, मोडू शकतो.

हातांचं म्हणशील तर सीटचं नाक खाली झुकलंय का बघ, तसं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातावर येतो, मी स्वतः यात दोन महिने घालवलेत. सीट लेव्हल कर, तरी लांब वाकावं लागत असेल तर छोटा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) लाव. हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे ओढू नकोस प्लीज, गुडघे परत बिघडतील.