पेपर कोणाच्या हातात आहे?

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पत्रकारिता शिकायला तू लंडनला निघालीस, फार आनंद झाला. ‘तिथला चांगला पेपर कोणता?’ असं विचारलंस. त्याआधी तो कोण विकत घेतं, ते बघ.

ब्रॉडशीट म्हणजे मोठ्या पानाचे आणि टॅब्लॉइड म्हणजे लहान पानाचे पेपर, ही आकारावरची वाटणी आता जुनी झाली. ‘टाइम्स’ २००४ पासून लहान पानांवर निघतो, ‘गार्डियन’ २०१८ पासून. ‘टेलिग्राफ’ मात्र अजून मोठ्या पानाचा, आणि वाचकही बहुतेक हुजूर पक्षाचे. ‘फायनान्शियल टाइम्स’ गुलाबीसर कागदामुळे लांबूनच ओळखशील. ‘डेली मेल’ १८९६ मध्ये अर्ध्या पेनीला निघाला तो मध्यमवर्गासाठी, आणि आजही त्यांचाच आहे.

लाल नावपट्टीच्या पेपरांना तिथे ‘रेड टॉप’ म्हणतात. त्यांच्याकडे बघून नाक मुरडू नकोस. ‘मिरर’ आणि ‘सन’ दोन्ही कष्टकऱ्यांचे, पण ‘मिरर’ मजूर पक्षाला धरून राहिला. ‘सन’ने १९९७ मध्ये मजूर पक्षाचे नेते टोनी ब्लेअर यांना साथ दिली आणि २००९ मध्ये तो पुन्हा हुजूर पक्षाकडे गेला. अर्थसंकल्प वीस ओळींत, कामावर निघालेल्या माणसाला कळेल असा लिहून बघ. किती अवघड आहे ते समजेल.

‘रेड टॉप’चा वाचक भोळा असतो असंही समजू नकोस. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूल संघाचे ९७ चाहते त्यात गेले. चारच दिवसांनी ‘सन’ने ‘द ट्रूथ’ असा मथळा देऊन चाहत्यांनीच मृतांचे खिसे कापले, असं छापलं. ते धादांत खोटं होतं. लिव्हरपूल शहराने पेपरवर बहिष्कार घातला. पुढे मी लिव्हरपूलला गेलो तेव्हा एका कोपऱ्यावरच्या दुकानात सहज ‘सन’ मागितला. म्हातारे दुकानदार शांतपणे म्हणाले, “आम्ही तो ठेवत नाही.” आणि समोर ‘मिरर’ ठेवला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. पेपरने माफी मागितली, पण बहिष्कार उठला नाही.

पहिला महिनाभर रोज तीन पेपर घे: एक लाल पट्टीचा, एक ‘मेल’, एक ‘गार्डियन’ किंवा ‘टेलिग्राफ’. एकच बातमी तिन्हींत शोध. अग्रलेखाआधी वाचकांची पत्रं वाच, जाहिराती बघ. जहाजाची सहल कुठे आणि सुपरमार्केटची सवलत कुठे, ते टिपून ठेव. पहिल्या आठवड्याचे अंक टाकू नकोस. सुट्टीत आलीस की जमिनीवर पसरून बसू.

तुझा,
काका