गॅस्ट्रिन ३४० आलंय, पण गोळी चालू असताना

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की दोन वर्षं रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ४० (अॅसिड कमी करणारी गोळी) चालू आहे, चेकअपच्या नादात कुणीतरी गॅस्ट्रिनची टेस्टही लिहून दिली, रिपोर्टला ३४० आलं आणि शेजारी नॉर्मल १०० च्या खाली असं छापलेलं, मग नेटवर शोधलं तर पहिलाच शब्द ट्यूमर, आणि आता आजपासूनच गोळी बंद करू का म्हणताय. आजच बंद करू नका. का ते सांगतो, थोडं लांबेल.

मी डॉक्टर नाही, पण नऊ वर्षं या गोळ्यांवर काढलीत आणि असाच रिपोर्ट हातात धरून एक रात्र जागलोय, त्यामुळे तुमची अवस्था कळते.

गॅस्ट्रिन हे पोटातलं हार्मोन. जठराचा खालचा भाग, जिथून अन्न पुढे आतड्यात ढकललं जातं, तिथे 'जी पेशी' (इंग्रजी G) नावाच्या पेशी असतात त्या ते बनवतात. जेवण पोटात पडलं, त्यातलं प्रोटीन लागलं की या पेशी गॅस्ट्रिन सोडतात, पण ते पोटात नाही तर रक्तात, आणि रक्तातून फिरून ते जठराच्याच वरच्या भागातल्या ईसीएल पेशींपर्यंत येतं. त्या पेशी हिस्टामीन सोडतात (हो तेच, सर्दी-खाजेच्या अॅलर्जीवालं हिस्टामीन, इथे त्याचं काम वेगळं), हिस्टामीन शेजारच्या पेशीला डिवचतं आणि तिचे पंप अॅसिड ओतायला लागतात. आता हे थांबणार कसं? तर अॅसिड पुरेसं झालं की 'डी पेशी' नावाच्या पेशी सोमॅटोस्टॅटिन नावाचं दुसरं हार्मोन सोडतात आणि ते गॅस्ट्रिनला गप्प बसवतं. टाकीतल्या बॉलकॉकसारखं आहे बघा, पाणी चढलं की बॉल वर येतो आणि नळ बंद.

तुमची गोळी काय करते, तर थेट शेवटचा पंप बंद पाडते. रक्तात ती जेमतेम काही तासच असते पण पंपाला जी चिकटते ती सुटतच नाही, नवीन पंप तयार होईपर्यंत तो पंप गेला. (म्हणूनच जेवणाआधी अर्धा-एक तास घ्या म्हणतात, ती फक्त चालू असलेल्या पंपांनाच पकडते आणि पंप चालू होतात जेवताना. जेवणानंतर आठवण आली म्हणून घेणारे आणि वर गोळी लागू पडत नाही म्हणणारे लोक मी ढिगाने बघितलेत, त्यात एक मी.) तर आता टाकी भरतच नाही, बॉल कायम खाली लोंबकळत राहतो, आणि त्या 'जी पेशी' बिचाऱ्या गॅस्ट्रिन सोडतच राहतात कारण त्यांना पुरे म्हणणारं कोणी नाही. रोज गोळी घेणाऱ्यांचं गॅस्ट्रिन दुप्पट ते चौपट होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे तुमचं ३४० हे गोळी नीट काम करतेय याचीच पावती असण्याची शक्यता जास्त. उगाच साप साप म्हणून भुई धोपटायला नको.

आता ट्यूमरचं. झोलिंगर-एलिसन म्हणून एक आजार आहे, त्या दोन सर्जननी १९५५ मध्ये मांडला म्हणून ते नाव, त्यात स्वादुपिंडात नाहीतर लहान आतड्याच्या सुरुवातीला गॅस्ट्रिन बनवणारी गाठ असते. आजार खूप दुर्मिळ. आणि मेख अशी की त्यात गॅस्ट्रिनही जास्त आणि अॅसिडही जास्त, दोन्ही एकदम. गोळीवाल्यांचं उलटं, अॅसिड कमी म्हणून गॅस्ट्रिन जास्त. त्यामुळे नुसता गॅस्ट्रिनचा आकडा बघून काही ठरत नाही, पोटातला पीएच बघावा लागतो (अॅसिडचं माप, आकडा जितका कमी तितकं अॅसिड जास्त). आकडा १००० च्या वर आणि पीएच २ च्या खाली असेल तर डॉक्टर खरोखर कान टवकारतात. अल्सर परत परत होणं, न थांबणारे जुलाब, वजन उतरणं असलं काही असेल तर मात्र अंगावर काढू नका, आणि अशा वेळी टेस्टसाठी म्हणून गोळी स्वतःच्या मनाने तर अजिबात सोडू नका, त्या आजारात ते धोक्याचं ठरू शकतं.

आकडा वाढायची बाकी कारणंही आहेत, बी १२ कमी असणाऱ्या काहींच्या पोटाचं अस्तरच झिजलेलं असतं, एच पायलोरी या पोटातल्या जंतूचं इन्फेक्शन असतं, किडनी कमजोर असते. डॉक्टर ते बघतील.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. वाढलेलं गॅस्ट्रिन गोळी चालू असताना काही त्रास देत नाही, त्रास देतं ते गोळी सोडल्यावर. कारण गॅस्ट्रिन नुसता निरोप्या नाही, ते खतासारखंही काम करतं, महिनोन्महिने जास्त राहिलं की ईसीएल पेशी संख्येने वाढतात. गोळी बंद केली की गॅस्ट्रिन एक-दोन आठवड्यांत खाली येतं पण वाढलेल्या पेशी लगेच कमी होत नाहीत, आणि पंप तर मोकळे झालेले, मग आधी होतं त्याहून जास्त अॅसिड. मी पहिल्यांदा एका झटक्यात बंद केली होती. पहिले दोन दिवस मस्त, चौथ्या रात्री दोन वाजता पाठीमागे तीन उशा रचून बसलो होतो, घशापर्यंत जळजळ. मी काय समजलो, की माझा आजारच वाढलाय आणि आता जन्मभर गोळी. दुसऱ्या दिवशी परत चालू. डेन्मार्कमध्ये २००९ साली एक अभ्यास झाला, पोटाचा काहीही त्रास नसलेल्या धडधाकट १२० माणसांपैकी अर्ध्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल (तुमच्या गोळीच्याच जातीतली) दिलं आणि मग बंद केलं, तर गोळी घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना नंतर अॅसिडिटीसारखा त्रास झाला, खोटी गोळी घेतलेल्यांमध्ये १५ टक्के. ज्यांना काही नव्हतं त्यांना झालं! हे वाचलं तेव्हा मला त्या रात्रीचा अर्थ लागला.

उंदरांचं पण तुम्ही वाचलं असेल. जन्मभर भरमसाट डोस दिलेल्या उंदरांच्या पोटात ईसीएलच्या गाठी झाल्या हे खरं, आणि त्यावरून ओमेप्राझोल ही याच जातीची गोळी बाजारात यायच्या वेळी, १९८० च्या दशकात, मोठी खळबळ झाली. माणसात काही जणांच्या पेशी वाढलेल्या दिसतात, पण या गोळ्यांमुळे तसा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी गरज नसताना वर्षानुवर्षं गिळत राहणं मला पटत नाही, हे माझं मत.

दुसऱ्यांदा मी डॉक्टरांना विचारून सोडली. ४० ची २०, मग एक दिवसाआड, मधल्या रात्री फॅमोटिडीन (ती हिस्टामीनच्या पायरीवर अडवते, गॅस्ट्रिन फारसं वाढवत नाही, पण रोज घेतली की काही दिवसांत असर उतरतो म्हणून अधूनमधूनच). सगळं मिळून दोन महिने गेले. काही जण एकदम सोडूनही निभावतात. पण अल्सरमधून रक्त गेलेलं असेल, अन्ननलिकेत बॅरेट (अॅसिडमुळे अस्तर बदलणं) सांगितलं असेल, किंवा अॅस्पिरिन-पेनकिलर रोज असतील तर सोडायचा विचार डॉक्टरांशिवाय नको.

टेस्ट परत करायची ठरली तर उपाशीपोटी करतात आणि शक्य असेल तर आधी एक-दोन आठवडे गोळी थांबवायला सांगतात, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. तुमचं आधीचं सॅम्पल उपाशीपोटी घेतलं होतं की नाश्ता करून? नाश्ता झालेला असेल तर ३४० मधले काही त्या नाश्त्याचेच असतील. आणि मुळात पॅन्टोप्राझोल सुरू कशासाठी केलं होतं तेही लिहा, तुमच्या प्रश्नात ते कुठे दिसलं नाही.