मुलीच्या कलाने शिकवलं तर ती मागे पडेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दुसरीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची, वहीपुढे दहा मिनिटं टिकत नाही; पण नदी, किडे, मिक्सर आतून कसा फिरतो असले प्रश्न दिवसभर चालू. तिच्या कलाने शिकवावं असं वाटतं, पण मग ती मागे पडेल अशी धास्तीही वाटते. मी नाशिकमध्येच प्राथमिकच्या मुलांना शिकवते, म्हणून इथलंच बोलते.

मोकाट सोडलं तर मुलं मागे पडतात, हे खरं आहे. पण कलाने शिकवण्यात मोठ्यांचं काम वाढतं. प्रश्न मुलाचा, त्याला पुढची पायरी जोडणं, साहित्य हाताशी ठेवणं, वेळ काढणं आणि मध्ये न लुडबुडणं हे आपलं.

पावसाळ्याचंच घ्या. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकच विचारतं, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. मुलांना ही मोजपट्टी आपण शिकवावी लागत नाही. मग मूल विचारतं, बातमीत क्युसेक म्हणतात ते काय? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. १४ लिटरच्या दोन बादल्या. बादल्या तिच्यासमोर ठेवा आणि एका सेकंदात रिकाम्या करता येतात का ते तिलाच बघू द्या. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन हजार बादल्या, हे तिच्या पुस्तकात अजून आलं नसेल, तरी ती ते सोडणार नाही. तिचा पुढचा प्रश्न बहुतेक हा असेल की गंगापूर धरण मातीचं आहे म्हणतात, मग ते वाहून कसं जात नाही? इथे उत्तर देऊन टाकू नका. परातीत एक बांध वाळूचा आणि एक काळ्या चिकण मातीचा करू द्या, मागे पाणी ओतू द्या. वाळूतून पाणी झिरपतं, चिकण मातीत अडतं. मातीच्या धरणाच्या पोटात पाणी अडवणाऱ्या मातीचा गाभा असतो आणि पाण्याच्या बाजूला दगड लावलेले असतात, हे त्यानंतर सांगितलं तर तिला ते आपलंसं वाटेल. मग तिनेच बांधाचं चित्र काढावं, खाली दोन ओळी लिहाव्यात. दहा मिनिटं न टिकणारी मुलं यात तासभर रमलेली मी पाहिली आहेत.

गणितासाठी गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार आहे. यादी तिची, पिशवी तिची, शंभराची नोटही तिच्या हातात. मेथीची जुडी वीसला, तीन घेतल्या तर पन्नासला. कोणता सौदा चांगला, हे तिला ठरवू द्या. तिला वेळ लागेल, मागे माणसं खोळंबतील, तरी तुम्ही बोलू नका. आपल्याला सगळ्यात जड जाणारं काम हेच.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. वाचन आपोआप येत नाही. अक्षर आणि आवाज यांची जोडी, काना-मात्रा, जोडाक्षरं रोज थोडी आणि क्रमाने शिकवावीच लागतात. ‘तिला हवं तेव्हा ती वाचेल’ म्हणून थांबणारे पालक मुलांचं नुकसान करतात. काय वाचायचं, हे तिने निवडावं. सार्वजनिक वाचनालयात, आपल्या सावानात, तिला घेऊन जा आणि पुस्तक तिला उचलू द्या, अगदी तुम्हाला ‘बाळबोध’ वाटलं तरी. आणि घरी मराठीतच बोला. पुराबद्दल सलग चार वाक्यं, कारणासकट, ती मराठीत सांगू शकली की तोच विचार इंग्रजीत मांडायला तिला फक्त शब्द शोधावे लागतील. बरीचशी मुलं प्रश्नच विचारेनाशी होतात, कारण प्रश्न एका भाषेत सुचतो आणि विचारायचा दुसऱ्या भाषेत असतो. हे बघताना मला फार वाईट वाटतं.

हे सगळं मोठ्या फीच्या शाळांचं आहे, असंही तुम्ही लिहिलंय. उलट आहे. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं ते सान लोरेन्झोच्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालशिक्षणाच्या कामासाठी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या आदिवासी भागात. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. महागडं साहित्य नव्हतंच; बिया, शिंपले, पानं, खडे हेच साहित्य. ‘मॉन्टेसरी’ हे नाव मात्र कुणीही पाटीवर लावू शकतं. लहान भावंडासाठी अशी शाळा बघत असाल तर पाटी न बघता वर्गात डोकवा: साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा फडताळात आहे का, मूल स्वतः उचलून काम करतं आणि जागेवर ठेवतं का, तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र आहेत का, की सगळी एकाच वेळी एकच पान गिरवतायत.

मुलीच्या शाळेबद्दल. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना वह्या पूर्ण करून घ्याव्याच लागतात, त्यांच्याशी भांडू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्येच कृती, शोध आणि बालकेंद्री पद्धतीने शिकवावं आणि मुलाला भीतीमुक्त ठेवावं असं म्हटलंय. कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी करतं. पण हे कलम पालकसभेत फेकून मारू नका. एकच छोटी गोष्ट मागा: घरी केलेल्या बांधाबद्दल मुलीला वर्गात पाच मिनिटं बोलू द्या. बहुतेक बाई हो म्हणतात. आणि एका मुलीने बोललं की दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघं काहीतरी घेऊन येतात.

गृहपाठ थोडा राहील, राहू द्या. तिला किती येतंय हे कळण्यासाठी एक साधी फाइल करा. तिने काढलेलं, लिहिलेलं, मोजलेलं प्रत्येक कागद तारीख घालून त्यात ठेवा, चुका दुरुस्त न करता. जूनमधलं आणि दिवाळीनंतरचं पान शेजारी ठेवून बघा: वाक्य लांबलं का, हिशेबाची पायरी वाढली का, ‘कारण’ हा शब्द आला का. तीन महिन्यांत यातलं काहीच हललं नाही तर थांबू नका. बाईंना भेटा, डोळे-कान तपासून घ्या, वाचनाची अडचण आहे का ते जाणकाराकडून बघून घ्या. ‘वही कोरी आहे’ म्हणणाऱ्या आजी-आजोबांनाही तीच फाइल दाखवा. आणि ती मुलीलाच उलगडून सांगू द्या.