"मॅडम, ती गेममध्ये बाळाला उपाशी ठेवते"

मी मुलांची समुपदेशक, हल्ली हे इतक्यांदा ऐकते की आता एकदा लिहूनच टाकते. आई येते, आधी अभ्यासाचं बोलते, मोबाईलचं बोलते, आणि उठायच्या वेळेला आवाज खाली करून म्हणते, अजून एक विचारायचं होतं, ती कॉम्प्युटरवर तो फॅमिलीचा गेम खेळते ना, त्यात बाळाला मुद्दाम रडवते, खायला देत नाही, हे काही मानसिक वगैरे आहे का? गेम बहुतेक वेळा द सिम्स 4 असतो, ज्यात माणसं, घर, कुटुंब बनवून त्यांचं रोजचं जगणं आपणच चालवायचं. आणि विचारणारी आई नेहमी मुलीची असते. दिवसभर गोळ्या घालत बसणाऱ्या पोराबद्दल "हा पुढं कसला बाप होणार" असं मला अजून कोणी विचारलेलं नाही.

एक केस सांगते, नाव आणि बारीकसारीक तपशील बदललेत. कोमल म्हणू तिला. सातवीतली पोरगी, सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात राहणारी, वडिलांचा टॉवेलचा धंदा, घरात आजी, आणि कोमलनंतर बऱ्याच वर्षांनी नवसानं झालेला भाऊ, दीड वर्षाचा. आईनं मागून स्क्रीन बघितली तर पाळण्यात बाळ रडतंय, घरातले सगळे खांबासारखे उभे, कोणी हलत नाही, मग मेसेज आला की बाळाला घरातून नेलं. आणि कोमल हसली. "त्या हसण्यानं मला रात्रभर झोप नाही मॅडम," आई म्हणाली. आजीचा निकाल तर कधीच लागला होता, पोरीच्या मनात भावाबद्दल पाप आहे आणि तो डबा घराबाहेर काढा.

आता मी हा गेम स्वतः खेळलेय, पालकांना याचं जाम आश्चर्य वाटतं. त्यातला एक दिवस आपल्या 24 मिनिटांत संपतो आणि त्यातली निम्मी मिनिटं बाळाचं डायपर आणि रडण्यातच जातात. 2014 मध्ये गेम आला तेव्हा पाळण्यातलं बाळ एकदम शाळकरी पोर व्हायचं, मधलं काहीच नाही, खेळणाऱ्यांनी आरडाओरडा केला तेव्हा जानेवारी 2017 मध्ये दुडूदुडू चालणारी पोरं आली आणि मार्च 2023 मध्ये पालथं पडणारं, रांगणारं तान्हं. म्हणजे बाळ सांभाळायची हौस खेळणाऱ्यांनाच दांडगी. आणि आयांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते, यात मोठी माणसं उपासमारीनं मरतात, जळून मरतात, पण बाळ उपाशी मरत नाही. दुर्लक्ष झालं की आधी वॉर्निंग येते, तरी नाही बघितलं तर बाळाला घेऊन जातात. बनवणाऱ्यांनीच तिथं रेघ ओढून ठेवलीये.

कोमलला म्हटलं, लॅपटॉप घेऊन ये, मला दाखव. (ठरलेल्या दिवशी आलेच नाहीत, त्या दिवशी पाणी आलं होतं. सोलापुरात काही दिवसांआड नळाला पाणी येतं तेव्हा अपॉइंटमेंट कसली न् काय कसलं.) नंतर आली, आई बाहेर बसली, आणि ही फडाफड दाखवायला लागली. तिच्या घरात आई, बाबा, आजी, बाळ. मुलगीच नाही. मी तेव्हा काही बोलले नाही.

"हे सगळे असे उभे का गं?"

"ऑटोनॉमी ऑफ केलीय. ऑन असली की बाळ रडलं की सगळे आपोआप पळतात."

"मग पळू दे की."

"नको. घरी तेच बघते की दिवसभर." मग जरा थांबून, "यंदा गड्ड्याला पण नाही गेलो आम्ही. त्याला ताप होता. मला असता तर मला आजीपाशी ठेवून गेले असते."

गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, तिचे होम मैदानावरचे पाळणे न बघता जानेवारी गेला हे सोलापूरच्या पोरीला किती लागतं ते बाहेरच्याला नाही कळायचं.

"बरं, बाळाला नेल्यावर तू काय करतेस?"

"सेव्ह न करता बाहेर पडते. परत आत गेलं की असतंय की ते पाळण्यात."

"एकदा पण सेव्ह नाही केलंस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं काही मलाच वेड लागलंय. "असं कसं करीन मॅडम? आमचंय ते."

मला जे हवं होतं ते इथं मिळालं. आईनं बाळ गेलेलं बघितलं, कोमल हसली ते बघितलं, पण त्यानंतरची दोन मिनिटं कोणीच बघितली नाहीत, जिथं ती दर वेळेला त्याला परत आणत होती. माझा पिंड विनिकॉट वाचून घडलेला, डोनाल्ड विनिकॉट, इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. ते सांगायचे की मूल मनात आपल्या माणसाची मोडतोड करतं आणि मग बघतं की ते अजून जागेवर आहे का. जागेवर असेल तरच त्याला ते माणूस खरं वाटतं आणि मोकळेपणानं जीव लावता येतो. कोमल दर संध्याकाळी हेच करत होती. दुष्टपणा कुठाय यात?

पण पोरीला हे कोणी सांगायचं? तिला तर पक्कं वाटत होतं की भावाचा राग येणारी आपण एकटीच, म्हणजे आपण वाईट. मी सांगून ते जाणार नव्हतं, आईच्या तोंडून यायला हवं होतं. म्हणून दोघींना एकत्र बसवलं आणि आईला सांगितलं की याच विनिकॉटनी 1949 च्या एका लेखात आईला स्वतःच्या बाळाचा राग का येतो याची 18 कारणं दिलीत, चांगल्या, प्रेमळ आईला.

आई पटकन म्हणाली, "अठराच?"

मग गप्प झाली. मी पण गप्प बसले, अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवणं ही अर्धी विद्या आहे. थोड्या वेळानं पदराशी खेळत म्हणाली, "परवा रात्री तीन वाजता उठला आणि झोपेच ना. मला वाटलं ह्याला उचलावं, सासूबाईंच्या खोलीत ठेवावं आणि दार लावून घ्यावं."

कोमल डोळे मोठे करून आईकडं बघत होती. "मग ठेवलं का नाहीस मम्मी?"

"आजी ओरडली असती."

आणि दोघी जे हसत सुटल्या! बाहेरचा पुढचा पेशंट दार उघडून बघून गेला.

नंतरचं थोडक्यात. बाळ रडलं की एकानंच उठायचं असं घरात ठरलं, बाकीच्यांनी जे चाललंय ते चालू ठेवायचं. आजीला पटायला वेळ लागला, अजून अर्धीच पटलीये. गेममध्ये एक मुलगी आली, तिला वेगळी खोली पण मिळाली. ऑटोनॉमी मात्र अजून ऑफच, ऑन केली की बोअर होतं म्हणे.

तुमच्या घरी हेच चालू असेल तर आधी गेम डिलीट करू नका. शेजारी बसा आणि "दाखव की मला" म्हणा, "हे काय करतेस" म्हणू नका. घरात कोण कोण बनवलंय, कोण नाहीये, बाळ गेल्यावर पुढं काय होतं, एवढं बघा. आणि पाहुण्यांसमोर तो विषय काढू नका, आत्याला फोनवर तर नकोच.

आमच्याकडं यावं असं कधी? खऱ्या भावंडाला किंवा मुक्या जनावराला इजा होत असेल तर लगेच या. झोप गेली, जेवण सुटलं, मैत्रिणी तुटल्या तरी या. युरोपात हा गेम 12 वर्षांपुढच्यांसाठी धरलाय, त्यामुळं तिसरी-चौथीतलं पोर एकटं खेळत असेल तर ते थांबवा, त्याला समुपदेशक नाही लागत. आणि मूळ गेम ऑक्टोबर 2022 पासून फुकट असला तरी वरचे पॅक पैसे देऊन घ्यावे लागतात, तेव्हा कार्डाचा नंबर लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवू नका.