विद्यार्थ्यांच्या हातून देणगीची पत्रं: मार्गदर्शकानं कुठे लक्ष द्यावं

तुमचा प्रश्न असा: आठवड्याला दोन तास मोकळे आहेत, संस्थेनं पाच विद्यार्थी दिलेत, ते ईमेल आणि फोनवरून देणगीदारांशी बोलणार, आणि तुम्ही घरूनच मार्गदर्शन करणार. सुरुवात कुठून करायची?

यादीपासून. बहुतेक जण पत्राच्या मसुद्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच घोळ होतो. चुकीच्या माणसाला गेलेलं उत्तम पत्र वायाच जातं. एक सामायिक शीट करा. रकाने एवढेच: नाव, संस्थेशी आजवरचा संबंध, याच व्यक्तीला का विचारायचं, जबाबदार विद्यार्थी, शेवटचा संपर्क, पुढचं पाऊल आणि त्याची तारीख. ‘का’चा रकाना रिकामा असेल तर ते नाव वगळा. ‘श्रीमंत आहेत’ हे कारण धरू नका. आधी दिलेले, कार्यक्रमाला आलेले, स्वयंसेवकांच्या ओळखीतले लोक वर घ्या. प्रत्येक नावाला एकच विद्यार्थी जबाबदार हवा. नाहीतर एकाच माणसाला दोघांची पत्रं जातात आणि संस्थेची अब्रू जाते.

पहिले दोन आठवडे एकही पत्र बाहेर जाऊ देऊ नका. त्या काळात विद्यार्थ्यांनी संस्थेचं काम नीट समजून घ्यावं: पैसा कशावर खर्च होतो, एका रकमेत नेमकं काय होतं. ‘आमच्या कार्यास हातभार लावा’ असं लिहिणाऱ्याला बहुधा हेच ठाऊक नसतं.

पत्र 120 ते 150 शब्दांचं पुरे. त्यात एकच मागणी असावी, रकमेसह. देणगी द्या, कार्यक्रमाला या, शिवाय आमचं पान शेअर करा, असं तिन्ही मागितलं की वाचणारा सगळ्यात सोपं ते करतो. मसुदा तुम्ही स्वतः लिहून देऊ नका, मोह कितीही होवो. एका वेळी दोनच चुका दाखवा आणि विद्यार्थ्याला पत्र मोठ्यानं वाचायला लावा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बदलायचं.

पहिल्या खेपेला प्रत्येकी दहाच पत्रं, एकेक करून, संस्थेच्या ईमेलवरून. नव्या वैयक्तिक खात्यावरून एकदम शंभर पाठवली तर बरीच स्पॅममध्ये जातात. संस्थेच्या डोमेनवर (ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर) एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे पत्र खरंच संस्थेकडून आलंय हे पटवणाऱ्या तांत्रिक सोयी, लावलेल्या आहेत का, हे आधीच विचारून घ्या. पाठवण्यापूर्वी नाव आणि रक्कम दुसऱ्या विद्यार्थ्यानं तपासायची. जुन्या पत्रावरून नवं करताना आधीच्याचं नाव तसंच राहणं ही सर्रास होणारी चूक आहे.

उत्तर आलं नाही तर पाच ते सात कामाच्या दिवसांनी एक छोटी आठवण, मग आणखी एकच. ‘नको’ म्हणणाऱ्याला लगेच आभाराचं पत्र जावं आणि शीटमध्ये तशी नोंद व्हावी. देणगी आली तर 48 तासांच्या आत आभार, आणि त्यात नवी मागणी अजिबात नको.

फोनचा सराव तुमच्याच बैठकीत पाच मिनिटं घ्या. रक्कम सांगितल्यावर गप्प राहणं सगळ्यांनाच जड जातं. घाबरून विद्यार्थी स्वतःच रक्कम कमी करतात, म्हणून नेमका तोच क्षण पुन्हा पुन्हा घोटून घ्या.

काही गोष्टींत तडजोड नको. पैसे थेट संस्थेच्या खात्यातच जावेत, विद्यार्थ्याच्या नाही. लाभार्थ्यांचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय वापरू नयेत. विद्यार्थी अल्पवयीन असतील तर त्यांच्याशी खासगी संदेशांत न बोलता गटातच बोला, आणि संस्थेचा एक माणूस त्या गटात असू द्या. संस्था जमलेल्या रकमेवर टक्केवारी देऊ करत असेल तर नकार द्या. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या निधी उभारणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेची आचारसंहिताही टक्केवारीवरचा मोबदला नाकारते. टक्केवारी आली की विद्यार्थी देणगीदाराच्या मागे लागतो.

साप्ताहिक बैठकीत जमलेली रक्कम आधी विचारू नका. किती पत्रं गेली, किती उत्तरं आली, कोणाचा पाठपुरावा चुकला, एवढं विचारा. सुरुवातीच्या महिन्यात शांतताच जास्त असते, आणि ती आपल्यामुळेच आहे असं मुलांना वाटतं. अशी शांतता नेहमीचीच असते, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. विद्यार्थी बाहेर पडला की त्याच दिवशी शीटचा प्रवेश बंद करा आणि त्याची नावं दुसऱ्याकडे सोपवा.