जीव लागू द्या की, ताई!

“मुलगा आठवीत आहे. दिवाळीत त्यानं गल्लीतल्या कुत्र्याच्या शेपटीला लवंगी माळ बांधून पेटवली. लेकरात थोडी माया यावी म्हणून दर रविवारी कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये नेते. पिंजरे धुतो, पाणी भरतो, पण कोरडाच. दर खेपेला वेगळं कुत्रं मागते, उगाच जीव लागायला नको. आणखी काय करू?”
– एक आई, लातूर

ताई, जीव लागायला नको, तर नेता कशाला? पिंजरे धुवायला शेल्टरला माणूस ठेवता येतो.

पोरगा घाईनं पुढं गेला, कुत्रं कोपऱ्यात सरकलं, आणि पुढच्या रविवारी ते कुत्रंच समोर नाही. आपल्यामुळं ते बुजलं आणि आपल्यामुळंच धीट होऊ शकतं, हे त्याला कळणार कधी? ती सोय तुम्हीच बंद केलीत.

आता एकच कुत्रं, सलग आठ-दहा रविवार. लस दिलेलं, न चावणारं, पण बुजरं मागा. अंगावर उड्या मारणारं नको, ते कुणालाही लळा लावतं. नसबंदीसाठी आणलेलंही नको. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या 2023 च्या नियमांनुसार ते बरं झालं की बहुतेकदा जिथून उचललं तिथंच सोडतात.

पहिले दोन रविवार हात लावायचा नाही. पाच-सहा फुटांवर, अंग तिरकं करून खाली बसायचं, डोळ्यांत बघायचं नाही. हळू आवाजात इतिहासाचा धडा वाचला तरी चालेल. (तेवढाच अभ्यास.) वहीत टिपायचं: ओठ कधी चाटले, तोंड कधी फिरवलं, जांभई कधी दिली. अवघडलेलं कुत्रंही जांभई देतं. शेपटी हलते म्हणजे खूश, असंही नाही. अंग ताठ आणि शेपटी उंच दिसली की मागं व्हायचं.

खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे, बिनमिठाचे. घरची रस्साभाजी-भाकरी नको, कांदा कुत्र्याला विषारी. तुकडा कुत्र्याच्या मागं टाकायचा. आपल्या पुढ्यात टाकला तर ते भुकेपायी जवळ येतं आणि खाणं संपताच आपण किती जवळ आलो हे बघून दचकतं. मागं टाकला की लांब जायची मोकळीक मिळते, मग ते आपणहून वळतं. असं आलं तरच छातीवर खाजवायचं. डोक्यावरून हात नाही. तीन सेकंदांनी थांबायचं. त्यानं पुन्हा अंग लावलं तर पुढं, नाहीतर बस्स.

पोराला रेबीजची आगाऊ लस डॉक्टरांना विचारून आधीच द्या. ओरखडा आला तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायचा, चुना-तिखट काही लावायचं नाही, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

मधेच कुणी ते कुत्रं दत्तक नेलं तर पोरगा रडेल. रडू द्या. समजूत म्हणून मोबाइल किंवा लॅब्राडोरचं पिल्लू आणलंत तर सगळं पाण्यात. वही मात्र कुत्र्यासोबत द्यायला लावा. ते कशाला बुजतं, कुठं खाजवलेलं चालतं, हे नव्या घरच्यांना पहिल्याच दिवशी लागतं.