चमकलं म्हणजे तुटलंच असं नाही

प्रिय मित्रा,

डीएनए तुटल्याची खूण म्हणून फॉस्फेट लागलेलं एच२एएक्स शोधायला तू केलेला वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रोटीनं अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) पाहिला. त्याच्या वजनाच्या जागी, १५ किलोडाल्टनपाशी, काहीच नाही, आणि लगेच खापर अँटिबॉडीवर? आधी सांग, लायसेट (फोडलेल्या पेशींचं पाणी) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर खाली बसलेला गोळा कुठे गेला? एच२एएक्स हे हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनांपैकी एक; ते क्रोमॅटिनला (डीएनए आणि प्रोटीनांच्या गुंत्याला) घट्ट धरून असतं. सौम्य बफरमध्ये पेशी फोडून वरचं पाणी घेतलंस, तर बहुतेक हिस्टोन गोळ्याबरोबर कचऱ्यात गेलं. पेशी थेट गरम एसडीएस (प्रोटीन विरघळवणारं डिटर्जंट) बफरमध्ये फोड आणि ध्वनिलहरींनी सोनिकेट कर, किंवा ०.२ मोलर सल्फ्युरिक ॲसिडने हिस्टोन काढ. जेल १५ टक्क्यांचं घे आणि निळा रंग बाहेर पळू देऊ नकोस. मेंब्रेन ०.२ मायक्रॉनचं हवं, ०.४५ मधून एवढं लहान प्रोटीन आरपार निघून जातं. फॉस्फेट काढून टाकणाऱ्या फॉस्फेटेज एन्झाइमला अडवणारं इनहिबिटर आयत्या वेळी घाल. ब्लॉकिंगला (मेंब्रेनच्या मोकळ्या जागा झाकायला) दूध नको, ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घे. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं असतं.

आता सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या ठिपक्यांकडे येऊ, खरी फसगत तिथे होते. डीएनएच्या दोन्ही पट्ट्या तुटल्या की एटीएम हा कायनेज आसपासच्या एच२एएक्सच्या १३९व्या जागच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतो. डीएनए तुटल्यावर तिथे फॉस्फेट चढतं, हे बॉनर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं. त्या फॉस्फेटला एमडीसी१ हे प्रोटीन चिकटतं, ते आणखी एटीएम ओढून आणतं आणि खूण लाखो बेसपर्यंत पसरते. म्हणून एक तुटलेली जागा सूक्ष्मदर्शकाखाली ठळक ठिपका होऊन दिसते.

पण हीच खूण एटीआर आणि डीएनए-पीके हे कायनेजसुद्धा लावतात. एस टप्प्यात, म्हणजे पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा, ही प्रतिकृती अडखळली की काही न तुटताही ठिपके दिसतात. मरणपंथाला लागलेल्या पेशीचं अख्खं केंद्रक उजळतं. तिला 'जास्त नुकसान' म्हणून मोजलंस तर आलेख भरघोस दिसेल, पण खोटा असेल. अशा पेशी वेगळ्या मोज, आणि ५३बीपी१ची (तुटलेल्या जागी जमणाऱ्या प्रोटीनची) दुसरी अँटिबॉडी सोबत लाव. दोन्ही एकाच जागी दिसले तरच ठिपका धर.

नियंत्रणासाठी १ ग्रे (किरणमात्रेचं एकक) किरण देऊन ३० मिनिटांनी पेशी फिक्स कर: ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, १५ मिनिटं. किरणयंत्र नसेल तर १० मायक्रोमोलर इटोपोसाइड (डीएनए तोडणारं औषध), एक तास. डोस फार वाढवू नकोस, ठिपके एकमेकांत मिसळले की मोजणार काय? एक स्लाइड फक्त दुय्यम (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून चमकणाऱ्या) अँटिबॉडीची ठेव, एकीवर फॉस्फेटेज फिरव. त्या फॉस्फेटेजवाल्या स्लाइडवरही ठिपके उरले, तर मात्र अँटिबॉडीला खुशाल दोष दे.

तुझा,
दादा